बेसची सुटी तार

काल कोडोलीहून येताना गुऱ्हाळाचा वास आला आणि माझ्या उजव्या हाताचं बोट ठणकलं.

लहानपणी आमच्या गुऱ्हाळात अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उसाच्या चरकाची मोटर चालू-बंद करायला जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं सर्किट स्वतः जोडलं होतं. चिपाड अडकलं की ते बेसची, म्हणजे ट्रान्झिस्टरला चालू करणारी, तार सोडवायचे. "तार सुटली, ट्रान्झिस्टर बंद. घाल की हात!"

एका दुपारी चिपाड अडकलं, अण्णांनी तार सोडवली आणि मी चरकात हात घातला. तेवढ्यात मधमाशी डसली, म्हणून हात झटकन बाहेर ओढला आणि खट्‌कन मोटर चालू करणारा रिले लागला. कुणी काही न करता चरक फिरायला लागला.

आता मी वर्गात हेच शिकवते. बेस मोकळा सोडला तरी आत थोडा प्रवाह झिरपतो, उष्णतेनं वाढतो, आणि ट्रान्झिस्टरच त्याला मोठा करतो. आमचं सर्किट पेटत्या चुलवाणाशेजारीच होतं.

त्या दुपारी चरक फिरताच अण्णांनी मेन स्विच पाडला आणि मला मांडीवर ओढलं.

"माशी चावली, अण्णा," मी रडत म्हणाले.

"चावू दे की गं. चावू दे," म्हणत ते माझं एकेक बोट दाबून बघत राहिले.