शेवटच्या पाळीचा भोंगा

अमळनेरच्या हळदींत बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवणारा तो माणूस कधी मान वर करत नसे. डाव्या हाताने टोपी सावरायची, उजव्याने आमच्या फर्माइशी वाजवायच्या. त्याने चार वर्षं खपून प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम केला होता. बंद पडलेल्या तेल गिरणीची शेवटची पाळी, चाळीस मिनिटांचं सलग एकच गाणं. ‘यात नाचायचं कुठे?’ म्हणत कुणी तो पुरा ऐकला नाही. गाण्याच्या शेवटी वाजणारा गिरणीचा भोंगा तेवढा कुणीतरी कापून रीलवर टाकला आणि सगळा खानदेश त्यावर नाचू लागला.

पुतणीच्या हळदीत मीही ओरडलो, “नाना, भोंगा होऊ द्या!”

“त्या भोंगावर मना बाप कायमना घर बसना, भाऊ,” तो म्हणाला. “नाचा.”

त्याने वाजवला. मी नाचलो. ‘वन्स मोअर’ही मीच ओरडलो.