बंदुकीला दिसणारा उजेड

माले गावातल्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे आणि पावसाळाभर त्याच्या तळाशी एक छोटा बल्ब अखंड जळतो. मुळशीच्या पावसात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी धरते. बल्बच्या उबेने आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी कोरडी राहते, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या कपाटात माझ्या काकांच्या दुकानाचा ऐवज आहे: टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम, वायरींची वेटोळी आणि ‘हजार खेळ एकात’ असे छापलेल्या कॅसेटी, ज्यांत प्रत्यक्षात चार-पाचच खेळ निघत. काकांचे दुकान पौडला होते. मुले तासावर पैसे देऊन खेळत. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, दुकान बंद पडले, आणि सगळे सामान एका जुन्या, मागे पोट असलेल्या काचेच्या टीव्हीसह मालेला आले.

मी बावधनला एका प्रयोगशाळेत काम करते. हा संग्रह टिकवायचा, असे मी स्वतःहून ठरवले आणि शनिवार-रविवारी त्याच्या मागे लागले. कॅसेटींच्या पितळी पट्ट्यांवर चढलेले हिरवट किटण स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, प्रत्येक कॅसेट ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद केली, आणि चिपांमध्ये जे जे साठवलेले होते त्याची प्रत संगणकावर उतरवली. प्रत झाली की वस्तू वाचली, अशी माझी धारणा होती. चिपेतली माहिती म्हणजेच खेळ. बाकी सारे प्लास्टिक.

म्हणून यंदा काकींनी मागची खोली पिरंगुटच्या कंपनीतल्या दोन मुलांना भाड्याने द्यायचे ठरवले, तेव्हा टीव्ही भंगारात द्यायला मी लगेच संमती दिली. त्या खोलीतले कपाट माजघरात मावत होते, टीव्ही मावत नव्हता. हरकत होती ती काकांची, पण ती त्यांनी शब्दांत सांगितली नाही. दुकानातला एवढा एकच टीव्ही उरला होता. भंगारवाला यायचा त्या रविवारी ते सकाळपासून ओट्यावर, घराकडे पाठ करून बसले होते.

“नेऊ द्या की,” ते म्हणाले. “मला काय त्याची पूजा घालायचीय?”

“पूजा न्हाई, पर मान तर वळवा,” काकी आतून म्हणाल्या. “रस्ता कुटं पळून चालला न्हाई.”

टेम्पो येण्याआधी मला एकच तपासणी उरली होती. संग्रहात प्लास्टिकची एक बंदूक आहे. पडद्यावर पाखरे उडतात, तुम्ही नेम धरून चाप ओढता, पाखरू पडते. मी गेम काकींच्या नव्या, पातळ टीव्हीला जोडला. तीच कॅसेट, तीच बंदूक. चाप ओढला, पडदा लुकलुकला, पाखरू उडत राहिले. नळी पडद्याला टेकवून पाहिली, तरी तेच. मग मागच्या खोलीत जाऊन जुन्या टीव्हीवर तोच प्रयोग केला. पहिल्याच फटक्याला पाखरू खाली आले.

लहानपणी मी ह्याच बंदुकीला फसवायला गेले होते. बंदुकीतून काही सुटत नाही, ती उजेड बघते, असे काकांनी सांगितले होते. तेव्हा मी नळी छताच्या बल्बकडे धरली आणि हमखास जिंकण्याची वाट पाहू लागले. एकही पाखरू पडले नाही. “ती बघती, पर काय बघायचं ते तिला कळतंय,” काका म्हणाले होते. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग. त्याचा उलगडा अपुराच राहिला होता.

आता मी मोबाइलचा कॅमेरा सर्वांत मंद गतीवर ठेवला आणि दोन्ही पडद्यांचे चित्रीकरण केले. चाप ओढल्याबरोबर गेम क्षणभर सारा पडदा काळा करतो आणि मग फक्त पाखराच्या जागी पांढरा चौकोन उमटवतो. आधी अंधार, लगेच उजेड, असा क्रम दिसला तरच बंदूक नेम मान्य करते. बल्ब अंधार दाखवत नाही, म्हणून तो हरला होता. नव्या टीव्हीवर तो चौकोन येतो, पण उशिरा, बंदुकीचे बघणे संपल्यावर.

मात्र मी थबकले ती जुन्या टीव्हीचे चित्रीकरण बघताना. त्यात चित्रच नव्हते. काळ्या काचेवरून उजेडाची एक पट्टी वरून खाली धावत होती. तिच्या पुढे अंधार, तिच्या मागे अंधार. हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिले होते. एक ठिपका ओळीमागून ओळ रंगवत जातो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तळाशी पोहोचतो, आणि उरलेले चित्र आपली नजर भरून काढते. पण डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहत होते. पौडच्या त्या दुकानात ओरडणाऱ्या सगळ्या मुलांमध्ये काचेवर खरोखर काय आहे ते एकट्या त्या स्वस्त बंदुकीला दिसत होते.

मी मोबाइल घेऊन ओट्यावर गेले. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला.

“म्हंजी पोरं इतकी वर्सं अंधाराकडंच बघत हुती?”

“बहुतेक वेळ, हो.”

“आनि आमी पैसं उजेडाचं घेतलं,” मागून वाकून बघणाऱ्या काकी म्हणाल्या.

काका हसले नाहीत. ते पट्टीकडेच बघत होते. मी काकींना सरळ सांगितले की माझा अंदाज चुकला. हा टीव्ही गेला तर बंदूक आंधळी होईल आणि माझ्या प्रतीचा तिला काही उपयोग नाही.

तेवढ्यात टेम्पो दारात आला. काकी नवऱ्याच्या पाठीकडे क्षणभर बघत राहिल्या.

“भाऊ, तो मोडका पंखा न्या, पत्रं न्या. टीव्ही ऱ्हाऊ द्या.”

“ताई, टीव्हीसाठी तर एवढ्या लांब आलो.”

“मग च्या घेऊन जा.”

माजघरातून तांदळाची कोठी पडवीत गेली आणि तिच्या जागी टीव्ही बसला. कोठी हलवताना काका न बोलावता उठून आले, आणि टीव्हीची वायर त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. भाडेकरूंना ठरलेली खोली ठरल्याप्रमाणे मिळाली.

दमट दिवसांत असा टीव्ही रोज थोडा वेळ लावून गरम करावा लागतो, नाहीतर आत ओल धरते. ते काम काकींनी घेतले आहे. परवा मी बावधनहून फोन करून विचारले.

“तापवला,” काकी म्हणाल्या. “आज समदी पाखरं पाडली.”

“आणि काका?”

“बसल्यात शेजारी, डोळं बारीक करून. म्हनत्यात, पट्टी काय घावंना अजून.”