स्वच्छ करून आणलेलं तेल

हिराजी सरांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर अंगठी, घड्याळ, बांगड्या सगळं बाहेर काढून ठेवावं लागे. एकदा संचालक पाहुण्यांना घेऊन मिरवत आले. त्यांच्याही बोटांतले तीन खडे उतरले. "साहेब, तुमचे ग्रह बाहेरच थांबू द्या. माझ्या नमुन्यात धातू पडतो," सर शांतपणे म्हणाले.

कच्च्या तेलातलं निकेल आणि व्हॅनेडियम मोजणं हे तुर्भ्यातलं त्यांचं आयुष्यभराचं काम. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातलं शेवाळ मेलं, गाळात दबलं आणि त्याच्या हिरव्या रंगात हे धातू अडकून बसले. कुठल्या समुद्राच्या तळाशी कोणता धातू जास्त अडकला, त्यावरून तेलाचा उगम कळतो. "माणूस गाव लपवतो. तेलाला नाय जमत," सर म्हणत.

सर सारसोळ्याचे, मासेमारांच्या घरातले. एका वर्षी खाडीत काळं तेल आलं. कोलंबी मेली, चिकटलेली जाळी जाळावी लागली. गावाचा संशय एका जहाजावर होता. जहाजाच्या टाकीतला नमुना आमच्याकडे आलेला होता. खाडीतलं तेल त्याच्याशी जुळलं तरच भरपाई मिळणार होती. सरांचा मोठा भाऊ त्यातलं थोडं तेल घेऊन आला तोवर बाकीचं ओहोटीने नेलं होतं. त्याच्या हातात स्टीलचा चकचकीत डबा होता.

"चिखल हुता, खारं पानी हुतं," भाऊ कौतुकाने म्हणाला. "तुज्या वैनीनं स्टीलच्या टोपात कडवलं, गाळलं. साहेबांसमोर घान कशी नेयाची?"

सरांनी डबा घेतला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली.

मोजलं तेव्हा व्हॅनेडियम जहाजाशी जुळलं, निकेल मात्र भलतंच जास्त निघालं. स्टीलमध्ये निकेल असतं; ते टोपातून उतरलं होतं.

"निकेल लिहूच नका सर. कोण विचारतंय?" मी, त्यांचा मदतनीस, म्हणालो.

"जहाजाचा वकील. आणि त्याच्या आधी मी."

अहवालात त्यांनी लिहिलं, निष्कर्ष काढता येत नाही. गावात मात्र सांगितलं, नमुन्याची बाटली माझ्या हातून फुटली.

"खरं का नाही सांगत?" मी चिडलो.

"अख्खं गाव वहिनीच्या दारात जाईल. त्याच टोपात ती रोज भात शिजवते रे."

गावाने बाटलीवर विश्वास ठेवला नाही. फुटलेल्या बाटलीपेक्षा विकला गेलेला माणूस समजायला सोपा असतो. भावाने बोलणं टाकलं, सणावाराचं बोलावणं बंद झालं. सर निवृत्तीच्या वर्षीच गेले. शोकसभेत संचालकांनी त्यांना संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं, त्यांचं नाव चुकवून. गावातून चार माणसं आली होती.

दहाव्यानंतर मी सारसोळ्याला भावाच्या घरी गेलो. वहिनी समोर येऊन बसल्या.

"तुमी त्यांच्या संगती कामाला हुते. खरं सांगा, आमचं भावजी विकलं गेलं ना?"

"नाही हो, वहिनी."

"मंग बाटली कशी फुटली? त्यांच्या हातून कदी काय पडलेलं मी बघितलं नाय."

मला उत्तर माहीत होतं; ते त्यांच्याच टोपात होतं. मी मान खाली घातली.

"कळलं. विकलंच गेलं," वहिनी म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.