कमिटी यायच्या दिवशी

कॉलेजं तपासायच्या कमिटीवर माणूस काही वर्षं राहिला की त्याच्याकडे दोन गोष्टी साठतात. शाली आणि किस्से. शाली वाटून टाकता येतात. किश्शांना मात्र ऐकणारं माणूस लागतं. माझे किस्से जेवताना माझी बायको सुमन ऐकायची. फारसं हसायची नाही. शेवटी एकच विचारायची, "मग मार्क किती दिलेत?"

तिला मार्कांची काळजी असायची, कारण ती स्वतः दूरशिक्षणातून बी.ए. करत होती. दर रविवारी बिबवेवाडीच्या केंद्रात जायची. कमिटीने मार्क कमी दिले की मान्यता जाते आणि केंद्राला कुलूप लागतं, हे तिला माझ्यामुळेच कळलं होतं. "आमच्याकडे तुमची कमिटी आली तर?" असं अधूनमधून विचारायची. मी म्हणायचो, "मी येईन की." त्यावर ती म्हणायची, "तुम्ही अजिबात यायचं नाही! तुम्ही आलात की आमच्या बायका बोलायच्या बंद होतील."

सध्या किश्शांचा साठा जरा वाढलाय, म्हणून इथे थोडा मोकळा करतो.

*

तो काळ पुण्यात कॉलेजांचं पीक येण्याचा होता. आधी उदारीकरण आलं, मागोमाग आयटी आलं. ज्याच्याकडे दोन मजले आणि एक ट्रस्ट होता, त्याने मॅनेजमेंट नाहीतर कॉम्प्युटरचा कोर्स काढला.

आमची कमिटी तिघांची. अध्यक्ष आगाशे सर, सदाशिव पेठेतले निवृत्त प्राचार्य. बोलायचे कमी आणि त्यातलं निम्मं समोरच्याला लागायचं. दुसऱ्या गायकवाड मॅडम, अर्थशास्त्राच्या. त्यांची आई चाळिशीनंतर लिहायला शिकलेली, त्यामुळे उशिरा शिकणारं कुणी भेटलं की त्या घड्याळ बघायच्या नाहीत. तिसरा मी, कॉमर्सचा.

एका आठवड्यात आम्हाला तीन कॉलेजं होती. पहिल्याच्या दारात दोन्ही बाजूंना कुंड्यांमध्ये हिरवेगार पाम. एका कुंडीचा काठ फुटलेला. दोन दिवसांनी खडकवासल्याच्या रस्त्यावर दुसरं कॉलेज. दारात पाम, कुंडीचा काठ फुटलेला. शनिवारी तिसरं. प्राचार्य हार घेऊन पुढे आले. आगाशे सर त्यांना ओलांडून सरळ कुंडीपाशी गेले आणि पामला हात जोडून म्हणाले, "नमस्कार! आपली बदली झाली वाटतं?"

*

गायकवाड मॅडमची एक पद्धत होती. इमारतीत शिरलं की प्राचार्यांच्या केबिनच्या आधी त्या मुलींचं स्वच्छतागृह बघायला मागायच्या.

एका चकाचक मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी असंच मागितलं. दार नवं, पाटी पितळी, दाराला कुलूप. किल्ली शिपायाकडे नव्हती. शिपाई क्लार्ककडे गेला, क्लार्क रजिस्ट्रारकडे गेले. किल्ली होती ती संस्थेच्या अध्यक्षांच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये, आणि अध्यक्ष त्या दिवशी महाबळेश्वरला!

प्राचार्य अजिजीने म्हणाले, "मॅडम, कमिटी येणार म्हणून स्वच्छ करून बंद ठेवलंय. मुली वापरून खराब करतात हो."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. ग्रंथालयाचंही तसंच केलंय का?"

तसंच केलं होतं.

*

जेवणाचं सांगायला हवं. आगाशे सर स्वतःचा डबा आणायचे. पोळी, भाजी आणि ताकाची बाटली. यजमानांकडचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आम्ही दोघं मात्र जेवायचो. एका ठिकाणी सुरळीच्या वड्या, मटार पॅटिस, वर आमरस. मॅडमनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सर, इथे प्रयोगशाळा नक्की नाही."

*

आता गुरुवारचा किस्सा. त्या वर्षांत आमच्याकडे गुरुवारी वीज जायची, हे पुणेकरांना सांगायला नको.

एका संस्थेने भेट गुरुवारीच ठेवा असा फार आग्रह धरला. अध्यक्षांचा वार आहे, दत्ताचा आहे, वगैरे. आम्ही गेलो. कॉम्प्युटर लॅब नीटनेटकी, प्रत्येक मशीनवर फुलाफुलांचं कव्हर. मी म्हटलं, "एखादा सुरू करून दाखवा."

लॅबचे सर हळहळले. "काय करणार सर! आज नेमका गुरुवार."

"पण आम्ही वर लिफ्टने आलो," मी म्हटलं.

"ती जनरेटरवर आहे सर. साहेब चौथ्या मजल्यावर बसतात ना."

आगाशे सरांनी एक कव्हर उचललं. खाली नुसताच मॉनिटर, मागे एकही वायर नाही. त्यांनी कव्हर होतं तसं घालून ठेवलं. "छान शिवलंय," म्हणाले. "आम्ही उद्या शुक्रवारी येतो."

शुक्रवारी संस्थेने सुट्टी जाहीर केली.

सुमनला हा सांगितला तेव्हा ती एकदाच मनापासून हसली. मग म्हणाली, "आमच्याकडे तर कॉम्प्युटरच नाही. कव्हर तरी शिवून ठेवू का?"

*

मांजरीकडे ऊस तोडून इमारती उठत होत्या, त्यात एक कॉमर्स कॉलेजही उठलं. भेटीच्या दिवशी वर्ग खच्चून भरलेला. ऑडिटिंगचा तास चालू होता. शेवटच्या बाकावर एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. टोपी काढून मांडीवर ठेवलेली, समोर कोरी वही.

मॅडमनी विचारलं, "आपण विद्यार्थी?"

ते उभे राहिले. "न्हाई बाई. माजं पोरगं हाय ह्या वर्गात. त्याचा आज हिंजवडीला इंटरव्ह्यू हाय. कालिजातनं फोन आला, कमिटी येनार, बाक रिकामं दिसता कामा नये. मग म्या आलो."

प्राचार्य भिंतीकडे बघू लागले.

"पन शिकवनं चांगलं हाय," ते गृहस्थ म्हणाले. "सकाळधरनं बसलोय. निम्मं तरी पोराला सांगीन."

आगाशे सरांनी उपस्थितीच्या रकान्यात 'एक गैरहजर' लिहिलं. प्राचार्य गयावया करायला लागले, "अहो सर, एकाचं काय एवढं! बाक तर भरलेलं होतं ना?"

"बाक भरलेलं होतं," सर म्हणाले. "मुलगा हिंजवडीला होता."

परतताना गाडीत मी म्हटलं, वडिलांना अर्धा मार्क द्यायला हरकत नव्हती. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उपस्थिती म्हणजे उपस्थिती. त्यात अर्धं काही नसतं."

हा किस्सा मी सुमनला हॉस्पिटलमध्ये सांगितला. तिने मार्क विचारले नाहीत. रविवारी कोणता पाठ झाला ते मंदाताईंना विचारून ठेवा, एवढं म्हणाली. मंदाताई तिच्या वर्गातल्या. मला त्या फोनवरच्या आवाजापुरत्या माहीत होत्या.

*

त्यानंतरच्या वर्षी आमच्या यादीत बिबवेवाडीचं केंद्र आलं. कुणीतरी तक्रार केली होती की हे केंद्र कागदावरच आहे, तिथे कुणी शिकायला येत नाही. तक्रार खरी निघाली तर केंद्र बंद होणार होतं.

मी आगाशे सरांना फोन केला. म्हटलं, "सर, या भेटीला मी येणं योग्य नाही. सुमन तिथे होती."

"नियम काय आहे?" सरांनी विचारलं.

"जवळच्या नात्यातलं कुणी तिथे शिकत असेल तर जायचं नाही."

"शिकत आहेत का?"

"नाही."

मग सर म्हणाले, "मग नवाला तयार राहा."

केंद्र म्हणजे प्राथमिक शाळेचा एक वर्ग, रविवारपुरता मागून घेतलेला. भिंतीवर बाराखडी, लहान मुलांचे बुटके बाक. पुस्तकांचं एकच कपाट, त्यातली बरीच पुस्तकं वाचून वाचून ढिली झालेली. कॉम्प्युटर नव्हताच. मॅडमनी स्वच्छतागृह बघितलं आणि लगेच परत आल्या. "कुलूपच नाही," म्हणाल्या. "आतून कडी आहे."

वर्गात बायका जास्त होत्या. शिलाईचं दुकान चालवणाऱ्या, डबे देणाऱ्या, एक पोळीभाजी केंद्रवाल्या. गुडघे बाकात मावत नव्हते, म्हणून सगळ्या तिरक्या बसलेल्या. कमिटी आली म्हणून कुणी उठलं नाही. पाठ चालू होता.

खिडकीजवळच्या बाकावर एक जागा मोकळी होती. मी तिकडे वळलो. शेजारच्या बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, तिथं नको. ती सुमनताईंची जागा आहे."

आवाज फोनवरचा होता.

गायकवाड मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मग बाराखडीकडे. आगाशे सर पुढे आले. "त्या यायच्या आहेत का?"

"नाही," मंदाताई म्हणाल्या.

"कमिटी येणार म्हणून सगळीकडे जागा भरून ठेवतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. आमच्या सरांनीच सांगितलं, आज तरी कुणाला तरी बसवा म्हणून." त्यांनी पान उलटलं. "आम्ही नाही म्हटलं."

पाठ संपेपर्यंत सर मागे उभे राहिले, मीही राहिलो. मग मॅडमनी फॉर्म काढला. स्वतःची खोली, नाही. कॉम्प्युटर, नाही. पुस्तकं, आहेत. उपस्थितीच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"सर, काय लिहू?"

आगाशे सरांनी बाकांवरून एकदा नजर फिरवली. सगळ्या बाकांवरून.

"पूर्ण," ते म्हणाले.

मॅडमनी लिहिलं. सरांनी खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडे दिला. टेबल नव्हतं. मी भिंतीला लावून सही करायला गेलो, तर पेन चालेना.

मंदाताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग मोकळ्या जागेवरचं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

"उभ्यानं कशी होईल सही? बसा इथे," त्या म्हणाल्या. "सहीपुरतं बसा. त्या काही बोलायच्या नाहीत."