लामाचं बारसं

आमच्या फार्मवर एक नर लामा आहे आणि तो मला दुसरा नर लामा समजतो.

यात त्याची चूक नाही. चूक माझी आहे, आणि ती अस्सल पदवीधराची चूक आहे. अडाणी माणसाच्या हातून ती झालीच नसती.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.कॉम. माणदेशात आईवडिलांनी शेरडं राखून मला कॉलेजात घातलं. आईचं एकच सांगणं असायचं, "शिक, म्हंजी जनावरामागं पळावं लागणार न्हाई." मी शिकलो, कॅनडाला आलो, वॉनमधल्या एका गोदामाच्या ऑफिसात बारा वर्षं खुर्चीवर बसलो. आणि एके दिवशी लंच ब्रेकमध्ये एक चकचकीत माहितीपत्रक वाचून, उंटाच्या कुळातल्या, जमिनीपर्यंत लोकरीचे रेशमी झुपके लोंबणाऱ्या दुर्मिळ जातीच्या दोन गाभण लामा माद्या घेतल्या! (सोबत चार एकर जागा. मिसिसागातल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, लामा ठेवू देत नाहीत, हे मी आधी विचारून घेतलं होतं.)

"शेरडं सोडून एवढ्या लांब आलात," माझी बायको वंदना म्हणाली, "आणि आणलं काय, तर उंच शेरडं."

शेवटी तिने अट घातली. पहिला नर पैदाशीसाठी विकला गेला, तर मी नोकरी सोडून खुशाल फार्म करावा. नाही गेला, तर फार्म विकायचा आणि गुमान मिसिसागाला परतायचं.

फेब्रुवारीत, बादलीतलं पाणी गोठ्यापर्यंत नेईस्तोवर त्याचा बर्फ होत होता अशा थंडीत, एकीला पांढराशुभ्र नर झाला. (दुसरी गाभण नव्हतीच. ती नुसती जाड होती.) झालं ते झालं, पण आईने पिल्लाकडे पाठच फिरवली. मग मी त्याला बेसमेंटमध्ये आणलं. दर दोन तासांनी बाटली. खोबरेल तेलाने मालिश. ओव्याची धुरी, तीही स्मोक अलार्म दोनदा वाजेपर्यंत. बाराव्या दिवशी मिसिसागाची मित्रमंडळी बोलावून बारसं केलं. पाळण्यात पाय मावेनात म्हणून लॉन्ड्री बास्केटमध्ये घालून बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं युवराज. कुणीतरी झबलंही आणलं होतं. ते त्याला बसलं, पण फक्त मानेत.

त्याच आठवड्यात गावाहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"मांडीवर काय हाय रं?"

"लामा. बाटलीनं पाजतोय."

"नर का मादी?"

"नर."

"मग खाली ठेव त्याला."

मी तिला समजावून सांगितलं, की आई, हे शेरडू नव्हे, परदेशी जनावर आहे, याच्यावर पुस्तक आहे. (पुस्तक होतंच. मी 'आहार' या प्रकरणापर्यंत वाचलंही होतं.) ती मी जेवलो का ते विचारू लागली.

दोन वर्षांत युवराज माझ्या डोक्याच्या वर गेला. फाटकात मला छातीने ढकलू लागला. मिठी मारतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत असताना त्याने मला ढिगात पाडलं. खेळकर आहे! हिरवं थुंकायचा, तेही फक्त माझ्यावर. परक्यावर कोण कशाला थुंकेल? माझी मुलगी सई म्हणाली, "बाबा, ही डझन्ट लाइक यू." मी तिला म्हटलं, तुला बापाचं प्रेम काय कळणार.

मग गिऱ्हाईक आलं. डग नावाचे म्हातारे गृहस्थ, उभा जन्म लामांमध्ये गेलेला. त्यांनी दात पाहिले, लोकर पाहिली, पाय पाहिले. युवराज शहाण्यासारखा उभा. डग खूश. वंदनाच्या चेहऱ्यावर हरल्याची पहिली छटा दिसली. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, आईच्या दुधावर वाढलाय की बाटलीवर?

एक शब्द खोटं बोललो असतो तर आज पूर्णवेळ फार्मर असतो. पण माझी छाती फुगली. मी बाटली सांगितली, मालिश सांगितली, धुरी सांगितली, वर फोन काढून बारशाचा फोटो दाखवला. म्हटलं, पोटच्या पोरासारखा वाढवलाय.

डगनी फोटो बराच वेळ पाहिला. मग युवराजवरून नजर न काढता, उलट्या पावलांनी फाटकाबाहेर गेले. कुंपणापलीकडून त्यांनी मला समजावलं: मांडीवर वाढलेल्या नराला माणसं आपल्याच जातीची वाटतात. लहान असेतो गोड. वयात आला, की घरातला पुरुष त्याला प्रतिस्पर्धी वाटतो, आणि असला नर पैदाशीला कुणी घेत नाही.

"पुस्तकात आहे ते," ते म्हणाले. "शेवटच्या प्रकरणात."

त्यांच्याशी वाद घालायला मी युवराजकडे पाठ केली. पुढचं मला शेणात पडल्यापडल्या समजलं. तो माझ्यावर बसला होता. वंदना घाई न करता आली आणि म्हणाली, "युवराज, ऊठ." तो मुकाट्याने उठला.

"अहो, आता तुम्हीपण उठा."

फाटकावर 'फॉर सेल'ची पाटी लागली आहे. घर बघायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्यातल्या नवऱ्याला युवराज जातीने भेटतो, त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी येत नाही. तोवर रोज सकाळी वॉनला निघण्याआधी त्याला चारा घालायला मीच जातो.

आई मात्र समाधानी आहे. पोराला शिकवल्याचं सार्थक झालं, आता त्याला जनावरामागं पळावं लागत नाही, असं गावभर सांगते. खरंच आहे ते. मी पुढे पळतो.