नातालचं लुगडं आणि पाण्याचा राजा

भूत-बीत मी मानत नाही. तरी गेल्या मे महिन्यात आमच्या आळीतल्या बायाबापड्यांनी माझ्या मेलेल्या बायकोचं भूत उघड्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते भूत मी होतो.

मी इनास. निर्मळ गावात केळीची वाडी आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढे मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना. त्यामुळे लिहिण्यात चुका दिसल्या तर दिसू देत. वाडीच्या मागे आमचं बावखल आहे. बावखल म्हणजे छोटं तळं, पण तळ्यासारखा थाटमाट नाही, पायऱ्या नाहीत. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, विहीर गोड राहते आणि केळी जगतात. काठावर आमच्या आजोबांनी बांधलेला क्रूस आहे. हे बावखल सांभाळायची माझी बायको नाताल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लाल चौकड्याच्या लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती आत उतरायची, गाळ काढायची, केळीच्या बुंध्याशी टाकायची आणि बेडकांना शिव्या घालायची. बेडूक ऐकायचे. मीही ऐकायचो.

ती गेली आणि माझं सगळ्यातलं लक्ष गेलं. कोणी काहीही विचारलं की मी "करा तुम्हाला काय करायचं ते" म्हणायचो. चहा घेणार का? करा तुम्हाला काय करायचं ते. (चहा यायचा, मी प्यायचो, साखर होती की नाही तेही कळायचं नाही.) असाच एकदा माझा मुलगा रॉबर्ट म्हणाला, "पप्पा, बावखलात नुसते डास होतात. भरणी करून टाकू. दोन गाड्या लागतील तिथे." मी म्हटलं, कर तुला काय करायचं ते. तो रोज मुंबईला बँकेत जातो. बँकेतल्या माणसाला एवढं पुरतं. त्याने आईच्या वर्षाची प्रार्थना झाली की दुसऱ्या दिवशी मातीचे डंपर बोलावून ठेवले.

घरात याच्या विरोधात एकच माणूस उभा राहिला. रॉबर्टची मुलगी अलिशा. माणिकपूरला कॉलेजात जाते, बोलायला लागली की समोरचा चार पावलं मागे सरतो. ही नातालवर गेलीय. तिने बापाशी भांडून पाहिलं, रुसून पाहिलं, एक वेळ जेवली नाही. (दुसऱ्या वेळेला बोंबील होते, तेव्हा उपोषण सुटलं.) मग तिने गोष्ट लिहायला घेतली.

मोबाईलवर लिहायची, रोज एक तुकडा, आणि तिच्या कॉलेजातल्या पोरी तो वाचायच्या. मला चष्म्यानेही ते बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसून मला वाचून दाखवायची. गोष्ट अशी की आमच्या बावखलाखाली पाण्याचेच बनलेले लोक राहतात. रागावले की वाफ होतात, लाजले की दव होतात. वाडीतली एक पोरगी आहे, जेसी. कमरेला कोयता, तोंडाला फाटक नाही. तिचं आणि पाण्याच्या राजाच्या पोराचं जमतं. राजाला ते पसंत नाही. आणि वरून माणसं बावखल बुजवायला येतायत.

मी म्हटलं, "पोरगा कुठल्या पॅरिशचा, कुठल्या चर्चचा?"

"आजोबा, तो पाण्यातला आहे."

"ते कळलं. बाप्तिस्मा झालाय का?"

"तो पाण्याचाच बनलाय."

"मग झाला म्हणायचा. लग्नानंतर राहणार कुठे?"

"राजवाड्यात. बावखलाच्या तळाशी."

मी सांगितलं की तळाशी तुझ्या आजीची फुटकी कळशी आहे आणि तुझ्या बापाचे क्रिकेटचे चेंडू आहेत. राजवाडा असता तर गाळ काढताना कुदळीला लागला असता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायची वाट मीच बघत होतो. ती जेसी चालायची कशी, कोयता धरायची कशी, दमदाटी करायची कशी, ऐकत गेलो तसं कळलं की ही तर आपली नाताल आहे, तरुणपणातली. मग मला त्या पाण्यातल्या पोराचा मनातून राग यायला लागला. दिसायला देखणा, केस निळे, कामधंदा काही नाही. असल्याला आमच्या वाडीत कोणी केळी उचलायलाही ठेवलं नसतं.

वर्षाची प्रार्थना जवळ आली तशी अलिशा एक दिवस म्हणाली, "आजोबा, गोष्टीचा छोटा व्हिडिओ करायचाय. राजा पाण्यातून वर येतो आणि माणसांना धमकी देतो. तो बघितला की डॅडीचं मन बदलेल." राजाच्या कामाला कॉलेजातला एक पोरगा आला होता. बावखलाचं हिरवं पाणी बघून त्याला अचानक सर्दी झाली आणि तो घरी गेला. उरलो मी. मी सवयीने म्हटलं, कर तुला काय करायचं ते. तिने केलं.

दिवस प्रार्थनेचाच ठरला, कारण दुसऱ्या दिवशी डंपर. प्रार्थना दिवेलागणीला क्रूसापुढे. शूटिंग त्याच्या बरंच आधी, उन्हं उतरताना. तोवर मी आंघोळ करून, भांग पाडून विधुरासारखा उभा राहीन असा हिशेब होता. अलिशाने चष्मा काढायला लावला, राजाला चष्मा नसतो म्हणून. कवळी मी स्वतःच काढली. पाण्यात पडली तर बेडकांच्या तोंडात बसायची. डोक्यावर जलपर्णीचा मुकुट. अंगावर राजाचा झगा म्हणून तिने निळा पडदा आणला होता. तो पाण्यात शिरल्याबरोबर फुगला आणि मी बावखलात तंबू ठोकल्यासारखा दिसायला लागलो. काहीतरी जड कापड पाहिजे होतं.

मी घरात गेलो, नातालची पेटी उघडली आणि तिचं लुगडं काढलं. आमच्या आळीत तसलं लाल चौकड्याचं लुगडं नेसणारी ती शेवटची. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. त्याच्याखाली तिचा होता. मी जरा वेळ पेटीपाशी बसलो आणि मग ते खांद्यावरून गुंडाळून बाहेर आलो. अलिशा बघत राहिली. म्हणाली, "चालेल, आजोबा." आणि माझ्या खांद्यावरची घडी सारखी केली.

मे महिन्यात बावखलात पाणी कमरेएवढंच असतं. राजाला बुडायचं तर उकिडवं बसायला लागतं. अलिशा मोबाईल धरून क्रूसामागे उभी राहिली, मी नाक दाबून बसलो. तिने सांगून ठेवलं होतं की गावकरी म्हणून तिच्या मैत्रिणी काठावर येतील, आवाज झाला की उठायचं, वाक्य म्हणायचं, आणि काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही.

आता मे महिन्यात आमच्याकडे क्रूस जास्त आणि गळे कमी. आज या क्रूसापुढे रोझरीची प्रार्थना, उद्या त्या क्रूसापुढे, आणि गाणं पुढे घेऊन जाणारी बाई एकच, माझी मेहुणी मोनीबाय, नातालची धाकटी बहीण. तिला त्या दिवशी पलीकडच्या आळीतही प्रार्थना होती. म्हणून इथली आधी उरकायची असं तिने परस्पर ठरवलं आणि बायामाणसं गोळा करून, मेणबत्त्या घेऊन, उजेड असतानाच बावखलावर हजर झाली. मागून रॉबर्ट उकडलेल्या चण्यांचं पातेलं घेऊन. प्रार्थना झाली की चणे वाटायचे, ही आमची रीत. ते जड पातेलं फडक्याने पोटाशी धरून तो गुडघ्यात वाकून चालत होता.

पाण्याखाली मला पावलं ऐकू आली. मैत्रिणी आल्या, मी समजलो. श्वास संपतच आला होता. मी उठलो.

तुम्हीच बघा. काठावर नातालच्या वर्षाची प्रार्थना. समोर बावखलातून नातालचं लुगडं उभं राहतं, डोक्यावर जलपर्णी, तोंड बोळकं. जन्मभर एका ताटात जेवलेली माणसं म्हातारपणी एकसारखी दिसायला लागतात. त्यात कवळी काढली की आमचा दोघांचा चेहरा एकच. आवाजाचं म्हणाल तर नातालचा माझ्यापेक्षा जाड होता. फोनवर लोक तिला इनास समजायचे आणि मला, वहिनी, इनासला बोलवा, म्हणून सांगायचे.

मला चष्म्याशिवाय नुसते रंग दिसत होते. मैत्रिणी पुष्कळ दिसतायत, असं मनात आलं. मोनीबाय गुडघ्यावर पडली ती मला नीट दिसली नाही. तिचं बोलणं ऐकू आलं, पण कानात पाणी होतं, आणि मला वाटलं पोरगी काम झकास करतेय.

"नाताल, अगं काय पाहिजे तुला? चर्चमधला मिस्सा कमी पडला काय?"

मी दोन्ही हात वर केले आणि असेल नसेल तेवढा जोर लावून वाक्य म्हटलं, "माझ्या पाण्यावर माती टाकाल तर याद राखा!" कवळी नसल्याने शब्दांबरोबर वारा निघाला. तो थेट परलोकातून आल्यासारखा वाटला, असं मागाहून मला बऱ्याच जणींनी सांगितलं.

पातेलं पडलं. चणे बावखलात गेले. आणि रॉबर्टचा आवाज आला, लहानपणी ताप चढला की यायचा तसला. "नाही टाकत, आई. तुझी शपथ. डंपर नाही बोलावत."

तो आवाज मी ओळखला. काठावर पोरी नव्हत्या, नातालची प्रार्थना होती. सांगावं का, मीच आहे म्हणून? पण बावखल वाचत होतं. जे अलिशाला भांडून जमलं नाही, उपाशी राहून जमलं नाही, ते लुगड्याने केलं होतं. मनात म्हटलं, हळूच खाली बसावं, पाण्यातून दुसऱ्या काठाला जावं, केळीतून घर गाठावं. भुतं अशीच जातात. मी खाली बसायला गेलो आणि कळलं की पाय निघत नाहीयत. यंदा गाळ काढलाच नव्हता ना कोणी. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मी शांतपणे आत चाललो होतो. काठावर मोनीबायने मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली होती, आणि ती माझ्या उपयोगी पडायची चिन्हं दिसत होती.

मी म्हटलं, "अलिशा, पाय रुतले गं."

प्रार्थना थांबली.

मोनीबाय म्हणाली, "नातालचे पाय कशाला रुततील? ती तर गाळात नाचायची." मग डोळे बारीक करून, "भावोजी?"

मी हात खाली घेतले.

अलिशाने मोबाईल क्रूसाच्या ओट्यावर टेकवला, तिथेच पडलेला माझा कोयता उचलला आणि कपड्यांसकट उडी मारली. माझ्या पायाभोवती जलपर्णीच्या मुळ्यांचा गुंता झाला होता, तो ती सपासप तोडत सुटली. तोंडाने मला दम देत होती, हलू नका, हललात तर पाय जाईल, राजा असलात म्हणून काय झालं. मागोमाग रॉबर्ट उतरला, बँकेच्या पँटीत. त्याने मला काखेत हात घालून उचललं. आम्ही तिघं कमरेपर्यंत गढूळ पाण्यात, आजूबाजूला चणे, चण्यांना मासे. मोनीबाय काठावरून ओरडत होती. मी बुडत होतो याचं तिला काही नव्हतं. "माझ्या बहिणीचं लुगडं चिखलात घातलंत?" हे होतं. ते खरंच होतं. मी मान खाली घातली.

रॉबर्टचा चेहरा लाल झाला होता. म्हणाला, "पप्पा, तो शब्द मी आईला दिला. तुम्हाला नाही. डंपर येणार."

उत्तर मोनीबायकडे होतं. तिच्याकडे नेहमी असतं. "क्रूसापुढे दिलास ना? मग झालं. समोर कोण उभं होतं ते देव बघून घेईल."

अलिशा चिखल पुसत म्हणाली, "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, डॅडी."

रॉबर्टने पाय उचलायचा प्रयत्न केला. बूट आतच राहिला. वाकून हात घातला, तर बूट सापडला नाही. ओंजळभर काळा गाळ वर आला. तो गाळ हातात धरून उभा राहिला.

"हे आई दरवर्षी काढायची?"

"दरवर्षी."

"एकटी?"

"मी काठावरून सांगायचो, कुठे राहिलंय ते."

तो हसला. मग रडायला लागला. आईच्या मयतालाही रडला नव्हता तो, सगळ्यांना चहा विचारत फिरत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्याच्या शर्टावर पाच बोटं उमटली. मग मलाही रडू फुटलं. चिखलात रडायची एक सोय आहे, तोंड कोणाचं ओळखू येत नाही. काठावर मोनीबायने रोझरी पुन्हा पहिल्यापासून धरली आणि आम्ही तिघांनी पाण्यातूनच प्रार्थनेचे जबाब दिले. पलीकडच्या आळीच्या प्रार्थनेला तिला उशीर झाला. त्याबद्दल ती मला अजून बोलते.

डंपर आले नाहीत. गाडी रस्त्यावर उभी असते. रविवारी रॉबर्ट हाफ पँट घालून बावखलात उतरतो. लुगडं मोनीबायने स्वतःच्या हाताने धुतलं, तीन पाण्यांतून, प्रत्येक पाण्याला माझा उद्धार करून. मला चहात साखर कमी असली तर कळायला लागलंय, आणि मी तसं सांगतो.

अलिशाने तो व्हिडिओ गोष्टीला जोडला. पोरींनी तो इतका बघितला म्हणे की माणिकपूरच्या रिक्षावाल्यानेही मला वळून पाहिलं. मी अलिशाला म्हटलं, वाचून दाखव काय म्हणतायत राजाबद्दल. ती जरा घुटमळली. म्हणाली, आजोबा, राजा म्हणून कोणी ओळखलंच नाही. सगळ्या विचारतायत, ती लाल लुगड्यातली डेंजर आजी कोण? त्यांना तीच पाहिजे. म्हणून पुढच्या भागात तिने राजाला बाजूला केलं आणि पाण्याखालचं राज्य राणीला दिलं. राजा आता काठावर उभा असतो आणि विचारलं तरच बोलतो. मी अलिशाला म्हटलं, बरोबर लिहिलंस, आमच्या घरात सुरुवातीपासून तसंच होतं.