पाठीमागून शिव्या देणारी डॉक्टरीण

मला आयुष्यात जेवढे धक्के बसले, त्यांतले निम्मे नोकरीने, लग्नाने आणि भिवंडीच्या रस्त्यांनी मिळून दिले असतील. उरलेले निम्मे माझ्या पुतणीने एकटीने दिले. पुतणी म्हणजे माझ्या मावसभावाची मुलगी. दिसायला शेलाटी, वेणी घट्ट, देवळात हात जोडून उभी राहिली तर पुजाऱ्याने दोन पेढे जास्त द्यावेत अशी. हीच मुलगी एका हळदीच्या मांडवात माझ्या पाठीमागे आली आणि अगदी हळू म्हणाली, "काका, तुम्ही एक नंबरचे चिकट आहात." मी गर्रकन वळलो. तिने मात्र समाधानाने मान डोलावली, माझे कान उत्तम असल्याचं सांगितलं आणि शेजारी बसलेल्या नवरीच्या आत्याबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांना ती जे म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. आत्याबाई शांतपणे भजी खात राहिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात पुतणी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

शिव्याच का, असं मी तिला नंतर चिडून विचारलं. तिचं म्हणणं असं की नुसती हाक मारली तर माणूस ऐकू येऊनही वळत नाही, कारण उठून काम करावं लागेल अशी त्याला भीती असते. शिवी मात्र कोणी सोडत नाही. या पद्धतीने तिने गल्लीतला किराणावाला, शाळेतले गणिताचे सर आणि दापोड्याच्या गोदामातले दोन-तीन ड्रायव्हर तपासले होते. घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी मोबाइलची बत्ती त्याच्या कानात. तिच्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या मुलाच्या कानात तिने अशीच बत्ती मारली आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं की मुलगा चांगला आहे, पण डावीकडे मळ फार आहे. पोह्यांच्या बशा हातात घेऊन आम्ही सगळे जमिनीकडे बघत बसलो. लग्न जमलं, हे त्या मुलाचं मोठेपण.

डॉक्टर का व्हायचंय, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं असतं: गोरगरिबांची सेवा. वडप्याचे आमचे मामा गोदामांना जागा देऊन सुखवस्तू झालेले. त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं, तर ही म्हणाली, "आजोबा, मला बाकीचा माणूस नकोय. फक्त त्याचे कान पाहिजेत." पोरीचं डोकं तपासून घ्या, असा निरोप त्यांनी मला त्याच संध्याकाळी पाठवला.

खरं कारण तिच्या घरातच होतं, आणि ते आम्हा कोणालाच दिसलं नव्हतं. तिचा बाप, माझा दादा, लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग नीट करणारा. त्या खडखडाटात कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात, हसतात, भांडतातसुद्धा. दादाचा सगळा जन्म असा गेला. घरी फोन वाजला की तो वहिनीच्या हातात द्यायचा. आम्ही म्हणायचो, दादा जरा ताठ आहे.

मग करोना आला आणि सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले. दादा बोलेनासाच झाला. विचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर मान वर नाही. वहिनी रडायला लागली, कोणी म्हणालं बाहेरची बाधा आहे. शेवटी गणेशपुरीची गरम कुंडं उघडल्यावर मीच त्याला आंघोळीला घेऊन गेलो, घरची सगळी बरोबर. कुंडात उतरताना आम्ही मास्क काढले आणि काय सांगू, दादा घडाघडा बोलायला लागला. वहिनीने तिथेच नारळ फोडला. भिवंडीला परत आलो, मास्क लावले, दादा पुन्हा गप्प. पाण्याचा गुण उतरला, असं आम्ही म्हटलं. पोरगी तेवढी बापाकडे टक लावून बघत राहिली. रात्री तो जेवत असताना ती मागे उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही गाढव आहात." दादाने भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि शांतपणे खाल्ली. ही तिची पहिली तपासणी, माझा नंबर पुढे हळदीत लागला. हा माणूस कित्येक वर्षं बहिरा होता आणि त्याच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. गेलेलं ऐकणं आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर त्यातही नुसता खडखडाट.

पोरीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा गल्लीने सत्कार ठेवला. पुढे पाहुणे, मागे शिफ्ट सुटून आलेले कारीगर, डोक्यावर कापूस तसाच. सूत्रसंचालकाने तोच ठरलेला प्रश्न विचारला. तिने माईक बंद करून टेबलावर ठेवला, पहिल्या रांगेतल्या बापाकडे तोंड केलं आणि बोलायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. माईकवाला धावला, पाहुणे चुळबुळ करू लागले, हिला ऐन वेळी काय झालं ते मला कळेना. मागचे कारीगर मात्र टक लावून तिच्या ओठांकडे बघत होते. माझ्या शेजारी एक म्हातारा कारीगर उभा होता, त्याला मी कोपराने ढोसलं.

"बाप को बोलती है," तो गमछ्याने डोळे पुसत म्हणाला, "आपके कान मैं वापस नहीं ला सकती. पण इथे बसलेल्या कुणाचे जाऊ देणार नाही." मग पुन्हा तिच्याकडे बघून म्हणाला, "अब पूछती है, माझा आवाज कसा आहे, आठवतो का?"

दादा उठून उभा राहिला. आपला आवाज केवढा निघतो हे त्याला कळत नाही, त्यामुळे अख्ख्या मांडवाने ऐकलं.

"आठवतो ना. लय किनरा हाय. पाळन्यात रडायचीस, तर लूमच्या खडखडाटातबी ऐकायला यायचा."

एवढी वाढलेली पोर समोर उभी होती, आणि बापाकडे तिचा आवाज होता तो पाळण्यातला. त्यानंतरचा त्याने ऐकलेलाच नव्हता. मला रडू आवरलं नाही. ती मंचावरून उतरली आणि त्याला ओठ नीट दिसतील अशी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.